अण्णांचं कोरं कार्ड

अण्णा धुरी दर रविवारी सकाळी स्कूटर धुतात. म्हणजे स्कूटर नाही हो, स्कूटरचं कव्हर धुतात. बादली, साबण आणि जुना गंजीफ्रॉक घेऊन खाली उतरतात, कव्हर घासतात, पुसतात, मग एक कोपरा जरासा उचलून आत पाय घालतात आणि किक मारतात. कव्हराच्या आत थोडा वेळ फुर्रफुर्र होतं. अण्णा मान वाकडी करून ऐकतात, "आसा, आसा," म्हणजे आहे, आहे, असं म्हणतात आणि बंद करतात. झाली स्कूटर चालवून! ती कोणत्या रंगाची आहे यावरून आमच्या सोसायटीत पैजा लागल्यात. माझा नवरा म्हणतो निळी, वॉचमन म्हणतो लाल. मी म्हणते, मुळात आत स्कूटरच आहे कशावरून?

मी वैशाली. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहते, अण्णांच्या बरोब्बर समोरच्या दारात. घरगुती मसाले करून विकते. माझं तोंडही मसाल्याच्याच चवीचं आहे असं नवरा म्हणतो, पण त्याचं काय ऐकायचं! तर सांगायचं म्हणजे, इतकी वर्षं अण्णांच्या समोर राहून मी एक गोष्ट शिकले. या माणसाच्या घरात वस्तू येतात, पण वापरात येत नाहीत.

टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक, त्यावर रबर, त्यावर पुन्हा प्लास्टिक. आवाज वाढवायचा तर अंगठ्याने जीव खाऊन दाबायचं, नाहीतर सरळ उठून टीव्हीपाशी जायचं. फ्रिजच्या दारावरचा कंपनीचा स्टिकर अजून तसाच. शोकेसमध्ये सोनेरी काठाच्या कपबशा मांडल्यात आणि अण्णा स्वतः चहा पितात कान तुटलेल्या कपातून. आणि सोफा! दुकानातून आला त्या दिवशीच्या जाड प्लास्टिकमध्ये तो वर्षानुवर्षं बसलेला. कोणी बसायला वाकून त्याला हात टेकला की करकर आवाज होतो आणि अण्णांचा चेहरा असा होतो, की माणूस म्हणतो, नको अण्णा, उभाच बरा आहे. अण्णा स्वतः शेजारच्या स्टुलावर बसतात.

"अण्णा, कधी वापरणार हो हे सगळं?" मी एकदा विचारलं.

"वापरली काय संपली!" अण्णा म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणत्याही वस्तूला चालतं.

यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. जन्मभर भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. स्टोअरमधून साधा ब्रश मागायला कोणी आलं तरी "आधी जुना झिजलेला दाखव" म्हणायचे. लग्न केलं नाही. का, ते आम्हाला माहीत नाही, पण आमच्या सोसायटीतल्या बायका म्हणतात, तिथेही "आधी जुनी दाखव" म्हणाले असतील. अण्णांना हा विनोद माहीत आहे. ते स्वतःच तो नव्या लोकांना सांगतात आणि खो खो हसतात.

आता कार्डाकडे येते.

कारखान्यात एकदा चहाच्या सुट्टीत बँकेचा माणूस आला होता आणि सगळ्यांना क्रेडिट कार्ड देऊन गेला होता. बाकीच्यांनी त्यावर टीव्ही घेतले, बायकांना साड्या घेतल्या, मग हप्ते भरताना रडले. अण्णांनी काय केलं? कार्ड ज्या पाकिटातून आलं त्याच पाकिटात परत घातलं, पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. सोनेरी रंगाचं, भरपूर मर्यादेचं कार्ड, आणि त्यावर आजतागायत साधी काडेपेटी घेतली नव्हती. लाइटबिल भरायला त्यांच्याकडे दुसरं एक लहानसं कार्ड होतं. बिल आलं की त्यावर भरायचं आणि कार्डाचं बिल आलं की त्याच दिवशी बँकेत जाऊन ते चुकतं करायचं. "ह्या कामाचा," अण्णा लहान कार्ड दाखवून म्हणायचे, "आणि ता मानाचा."

दसऱ्याला माझ्याकडे झेंडूचं फूल मागायला आले. मी म्हटलं, स्कूटरला हार केला असेल, त्यात कमी पडलं असेल. तर नाही! पाटावर कार्ड ठेवलेलं, त्याला हळदकुंकू वाहिलेलं, शेजारी स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड. मी फूल ठेवलं आणि हात जोडले. काय करणार, सोन्यासारखा माणूस आहे, त्याचं मन कशाला मोडा?

या सगळ्याचा परिणाम म्हणजे अण्णांचा क्रेडिट स्कोअर. आठशेच्याही पुढे! महिन्याच्या पहिल्या तारखेला अण्णा माझ्याकडे यायचे, मी माझ्या फोनवर तो काढून दाखवायचे आणि अण्णा मला खडीसाखर द्यायचे. जिन्यात कोणी भेटलं तर "बरं आहे ना?" ऐवजी "स्कोअर काय?" विचारायचे. माझ्या नणंदेच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा आम्ही सगळे मुलाचा पगार, घर, उंची बघत होतो. अण्णा म्हणाले, "ता सगळा नंतर. स्कोअर विचारलास?" मुलाकडच्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

पण गंमत सोडा, त्या स्कोअरला मान होता. आमच्याकडे नाक्यावर एक पतपेढी आहे, बहुतेक सभासद आमच्या कोकणातलेच. तिथे कर्ज हवं तर जामीनदार लागतो आणि हल्ली जामीनदाराचाही स्कोअर बघतात. मग काय, कोणाला रिक्षा घ्यायची, कोणाला मुलीचं लग्न करायचं, कोणाला गावचं घर शाकारायचं, सगळे अण्णांच्या दारात. अण्णा खिशातलं पेन काढायचे, टोपणावरचं प्लास्टिक काढायचे आणि सही करायचे. मुलुंडातल्या अर्ध्या सिंधुदुर्गाला अण्णांनी जामीन राहून उभं केलंय असं म्हटलं तरी चालेल.

यंदा माझी पाळी आली.

मसाल्याचं काम घरात मावेना. मिरच्या कुटून आणायला मी दुसऱ्याच्या डंखावर जायचे. डंख म्हणजे मसाला कांडायचं यंत्र, उन्हाळ्यात त्याच्यापुढे बायकांची ही रांग! माझा नंबर लागेपर्यंत शिंका देऊन देऊन नाक लाल. मला माझा स्वतःचा डंख हवा होता, कधीपासून हवा होता. आणि मार्केटच्या मागच्या गल्लीत ठक्करभाईंचा गाळा रिकामा झाला. ठक्करभाई चांगला माणूस. म्हणाले, "वैशालीबेन, पाडव्यापर्यंत थांबतो. पुढे मला बी पोट छे." पाडव्यानंतर लगेच मसाल्याचा हंगाम. तेव्हा गाळा हातात आला तर आला, नाहीतर पुन्हा वर्षभर दुसऱ्याच्या रांगेत. पण अण्णा म्हणाले, "मी आसंय ना! भिवतंस कशाक?" आणि मी निर्धास्त झाले.

पतपेढीत सावंतबाई मॅनेजर आहेत. बाई कडक, पण अण्णांना पाहिलं की उभ्या राहतात. त्या दिवशीही उभ्या राहिल्या. मग कॉम्प्युटरमध्ये बघून हळूच बसल्या.

"अण्णा, तुमचा स्कोअर खाली आलाय."

अण्णा हसले. "बाई, चष्मा पुसा."

बाईंनी खरंच चष्मा पुसला. स्कोअर तोच. जामीनदाराला लागतो त्याच्याही खाली. बाईंनी समजावून सांगितलं, की तुमचं जुनं मोठं कार्ड बँकेने याच महिन्यात बंद केलंय. सगळ्यात जुनं खातं गेलं, म्हणजे तुमची जुनी पत गेली. शिवाय मोठी मर्यादा गेली, आता फक्त लहान कार्ड उरलं. पूर्वी लाइटबिल म्हणजे तुमच्या एकूण मर्यादेत चिमूटभर दिसायचं, आता तेच बिल लहान कार्डात डोळ्यात भरतं. माणूस तोच, बिल तेच, पण कागदावर तुम्ही ओढगस्तीला आल्यासारखे दिसता. अण्णांनी पेन उघडलं होतं ते पुन्हा प्लास्टिकमध्ये घातलं.

घरी येऊन आम्ही बँकेला फोन लावला. माझ्याच फोनवरून, स्पीकरवर. बराच वेळ यंत्र बोललं, एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. अण्णा प्रत्येक वेळी "होय, होय" म्हणत होते. शेवटी एक गोड आवाजाची मुलगी आली आणि मराठीत बोलली.

"सर, बरेच दिवस कार्ड वापरलं नव्हतं तुम्ही."

"बरेच दिवस?" अण्णांची छाती फुगली. "अहो बाई, कधीच वापरलं नाही! एक ओरखडा नाही त्याच्यावर. येऊन बघा!"

"हो सर, म्हणूनच ते निष्क्रिय धरून बंद झालंय."

"निष्क्रिय?" अण्णा उभे राहिले. "मी पहाटे उठतो. जिने चढतो. माका निष्क्रिय म्हणतत! मी काय मेलंय?"

"सर, तुम्ही नाही, कार्ड..."

"म्हणजे जो उधळतो त्याला मांडीवर घेता आणि जो जपतो त्याला घराबाहेर काढता? ही खयची रीत?"

मुलगी बिचारी शांत होती. म्हणाली, सर, बंद करायच्या आधी आम्ही कळवलं होतं. तुम्ही दिलेल्या मोबाइल नंबरवर मेसेज पाठवले, फोनही केले, फोन बंद होता. आणि तिने त्या नंबरचे शेवटचे आकडे सांगितले.

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी छताकडे पाहिलं.

त्यांच्या पुतणीने त्यांना एक भारीतला मोबाइल पाठवला होता. अण्णांनी त्यातला नवा नंबर मोठ्या अभिमानाने बँकेत नोंदवला होता. नवा नंबर चांगल्या ठिकाणी द्यावा, हा विचार. आणि मग फोन बंद करून त्याच्या खोक्यात परत ठेवला होता. स्वतः वापरतात तो बटणांचा, डब्बा फोन. मी कपाट उघडलं. खोकं होतं. खोक्यात फोन होता, काचेवरच्या चिकटपट्टीसकट. रिचार्ज मात्र अण्णा न चुकता मारत होते!

"अण्णा!" मी ओरडलेच. "अहो, फोन तरी वापरायचा की हो! माझा गाळा चाललाय इथे!"

ती मुलगी अजून फोनवर होती. जाता जाता म्हणाली, "आणि सर, ते कार्ड आता कापून टाका, जवळ ठेवू नका." मी फोन ठेवला, कातर आणली आणि अण्णांपुढे धरली. मी चिडलेली होते, खोटं कशाला बोलू.

अण्णांनी पाकिटातून कार्ड काढलं. खरंच कोरं करकरीत होतं. त्यावर उठावाच्या अक्षरांत त्यांचं नाव होतं, गुरुनाथ धुरी. अण्णांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकेका अक्षरावरून, आणि कातर माझ्याकडे परत दिली.

"आम्ही पाच भाऊ," ते म्हणाले. "मी चौथा. बाबा मिलमध्ये. शर्ट थोरल्याचा, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, मग माझो. पुस्तकात नाव लिहायला जागा नसायची, आधीची नावं खोडलेली. चपलासुद्धा दुसऱ्याच्या पायाच्या झालेल्या असायच्या. नोकरीला लागलो तर वही पण आधीच्या स्टोअरकीपरची. मग ता कार्ड इला. ह्येच्यार माझा नाव उठवलेला आसा, बघ. खोडता येत नाय. कोणी वापरलेला नाय. पयला माझ्याच नावाचा."

मी कातर मागे घेतली. नुसतं "ठेवा हो अण्णा, कोण बघतंय," म्हटलं आणि घरी येऊन मिरच्यांची देठं काढत बसले. डोळ्यांत पाणी आलं ते मिरच्यांचं, असं नवऱ्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी बेल वाजवली. डोळ्यांत चमक. "वैशे, माका रात्रभर विचार करून समाजला. वापरला नाय म्हणून गेला ना? आता वापरून दाखवतंय."

आणि त्यांनी लहान कार्ड बाहेर काढलं.

पुढचे दिवस काय सांगू तुम्हाला! कोथिंबीरवाल्या भैयाकडे कार्ड. भैया म्हणाला, "अंकल, पाच का सिक्का दे दो ना." अण्णा म्हणाले, "मशीन लाव." वडापावच्या गाडीवर कार्ड. न्हाव्याकडे कार्ड. न्हाव्याने डोक्याकडे पाहिलं, तिथे कापण्यासारखं काही नव्हतं, पण अण्णा म्हणाले, "नुसती कातर चालव, बिल कर." मग मार्केटात शिरले. टेबलफॅन घेतला. मिक्सर घेतला. इस्त्री घेतली, प्रेशर कुकर घेतला, छत्र्या घेतल्या, चादरी घेतल्या, वजनकाटा घेतला. रोज संध्याकाळी जिन्यातून खोकी वर चढायची आणि बायका दारं उघडून बघायच्या. "अण्णा लग्न करतायत वाटतं," तळमजल्यावरच्या जोशीकाकू म्हणाल्या. बातमी सोसायटीत पसरली. वॉचमन त्यांना लाजत लाजत "बधाई हो" म्हणाला.

आणि एवढं सगळं घेऊन अण्णांनी त्यातलं काय वापरलं? काही नाही! खोकी जशीच्या तशी, एकावर एक, सोफ्याच्या मागे. वरून चादर. चादर जुनी हं, नवी चादर खोक्यात.

महिन्याची पहिली तारीख आली. अण्णा खडीसाखरेची पुडी घेऊनच आले. मी फोन उघडला आणि परत बंद केला.

"काय गो?"

"अण्णा, अजून खाली गेलाय."

अहो, जाणारच! लहान कार्ड, त्याची मर्यादा एवढीशी. अण्णांनी ते काठोकाठ भरून टाकलं होतं. सावंतबाईंनी फोनवर कपाळाला हात लावला, मला ऐकू आलं. म्हणाल्या, "अगं, कार्ड जेवढं भरलेलं तेवढा माणूस पैशाला हपापलेला दिसतो. थोडंसं वापरायचं, फेडायचं, थोडंसं वापरायचं. असे महिने गेले की मग हळूहळू वर येतो." म्हणजे पाडव्यापर्यंत काही होत नव्हतं. वाट लागली होती सगळी.

मी अण्णांना सांगायला गेले. वाटलं, आता बँकेच्या नावाने शिमगा करतील. तर ते स्टुलावर बसलेले, हातात खडीसाखरेची पुडी.

"तुझो गाळो माझ्यामुळे गेलो," ते म्हणाले.

"जाऊ दे हो. पुढच्या वर्षी बघू."

"तसा नाय." पुडीचा दोरा सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाले, "वैशे, ह्या घराची बेल कोण वाजवता, माहीत आसा? जामीन होयो आसता तो. येतत, दारात उभे रवतत, सही झाली काय चलले. पण येतत तरी. माणूस दिसता. आता स्कोअर गेलो. आता माझ्याकडे कोण येतला गो?"

समोरच्या शोकेसमधले सोनेरी काठाचे कप तेवढे चमकत होते. ते कोणासाठी आणले होते, ते मला तेव्हा समजलं आणि फार वाईट वाटलं.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात अण्णा इस्त्रीचे कपडे घालून माझ्या दारात. "चल पतपेढीत." मी म्हटलं, कशाला पुन्हा तोंड पाडून घ्यायचं? पण ऐकतात कसले. हातात एक कडक, चकचकीत वस्तू होती. सावंतबाईंच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली. पतपेढीतल्या मुदत ठेवीची पावती. वर्षानुवर्षं मुदत संपली की पुढे ढकलत आणलेली.

"ही तारण ठेवा. हिच्यावर वैशालीला कर्ज द्या. ठेवीला स्कोअर लागता काय?"

"नाही लागत," सावंतबाई म्हणाल्या. "पण अण्णा, तिने हप्ते थकवले तर ही ठेव जाईल हं तुमची. ही एवढीच आहे तुमची, मला माहितीये."

"अण्णा, नको!" मी ताडकन उठले. "मला नकोय असा गाळा. तुमच्या म्हातारपणाची पुंजी आहे ती!"

"गप बस," अण्णा म्हणाले. "म्हातारपण चालूच आसा."

सावंतबाईंनी पावती उलटी केली. मागच्या बाजूला ठेवीदाराची सही लागते. बाईंनी पेन टेकवून बघितलं. पेन घसरलं. अण्णांनी पावती जाड प्लास्टिकमध्ये घालून, चारही कडा चिकटवून आणलेली होती. खराब होऊ नये म्हणून.

बाई म्हणाल्या, "अण्णा, यावर सही होणार नाही. हे कापून पावती बाहेर काढावी लागेल."

पतपेढीत सगळे थांबले. पावती भरणारा कॅशियरसुद्धा मान वर करून बघायला लागला. मी मनात म्हटलं, झालं, आता हे उठणार आणि घरी जाणार.

"कातर द्या," अण्णा म्हणाले.

बाईंनी दिली. अण्णांनी एका कडेने कापायला सुरुवात केली. तोंडावर घाम, जीभ दातांत. प्लास्टिक कट् कट् करत उघडत गेलं. आतून पावती निघाली, पिवळसर, मऊ, आणि अण्णांनी तिच्यावर हात फिरवून सही केली. मग प्लास्टिकचे तुकडे गोळा करून खिशात घातले. ते त्यांनी घरी नेले, काय करायला ते विचारू नका.

गाळा मिळाला, पाठोपाठ त्यात माझा डंखही बसला. पाडव्याला गुढी गाळ्यासमोर उभारली. आणि अण्णा सकाळीच खोकी घेऊन हजर! टेबलफॅन माझ्या गाळ्यात, वजनकाटा माझ्या गाळ्यात, छत्र्या रांगेतल्या बायकांना उन्हात धरायला. मी म्हटलं, अण्णा, वापरली काय संपली ना? तर म्हणतात, "तू वापर. मी बघतंय." दुपारपर्यंत स्टूल टाकून डंखासमोर बसले. मिरचीच्या खकाण्याने शिंकून शिंकून बेजार, पण हलायला तयार नाहीत. येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारत होते, "मिरची बेडगी काय लवंगी? आणि स्कोअर काय?"

पाटी मी मुद्दाम दुपारी लावली. अण्णांना आधी सांगितलं नव्हतं. लाल पाटी, त्यावर पिवळ्या रंगात, लाकडाची अक्षरं उठवलेली, 'गुरुनाथ मसाला कांडप केंद्र'. रंगाऱ्याला मी बजावलं होतं, अक्षरं नुसती रंगवायची नाहीत, हाताला लागली पाहिजेत.

अण्णांनी पाटी वाचली. पुन्हा वाचली. स्टुलावर चढून अक्षरांवरून बोट फिरवलं. आणि खाली उतरून तडक निघून गेले. मला काळजी वाटली. म्हातारा रागावला की काय? विचारून तरी लावायला हवी होती. नवऱ्याला म्हटलं, जा रे, बघून ये.

तो जायच्या आतच गल्लीच्या तोंडाशी फुर्रफुर्र ऐकू आलं. लोक बाजूला झाले. आणि आले आमचे अण्णा, स्कूटरवर! डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर किमतीची चिठ्ठी, आणि मागच्या सीटवर दोरीने बांधलेली प्लास्टिकची भलीमोठी गुंडाळी. स्कूटर पोपटी होती. पोपटी! मी आणि नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. पैज कोणीच जिंकलं नाही.

अण्णांनी गुंडाळी सोडली, स्टुलावर चढले आणि ते जाड, पारदर्शक प्लास्टिक माझ्या पाटीवर ताणून बसवायला लागले.

"अहो अण्णा, पाटी आहे ती! असू दे की उघडी!"

"रंग जातलो," ते वरूनच म्हणाले. "माझा नाव आसा त्येच्यार."

मी मग खिळे धरून उभी राहिले.

संध्याकाळी गाळा बंद करून मी त्यांच्याकडे खडीसाखर घेऊन गेले. या वेळी मी न्यायची, असं ठरवलं होतं. बेल वाजवली. आत गेले आणि दारातच थबकले. सोफा उघडा होता. गर्द निळा, त्यावर बारीक पांढरी फुलं. इतकी वर्षं समोर राहून तो प्लास्टिकशिवाय मी कधी पाहिला नव्हता. आता समजलं, पाटीवरचं प्लास्टिक कुठून आलं होतं ते.

"बस गो," अण्णा म्हणाले.

मी सवयीने उभीच होते. ते पुन्हा "बस" म्हणाले, म्हणून बसले. करकर झाली नाही. अण्णा स्वयंपाकघरात गेले आणि चहा घेऊन आले, सोनेरी काठाच्या कपात.

"ह्या सोफ्यार बसणारी तूच पयली," ते म्हणाले आणि आपला कप घेऊन माझ्या शेजारी बसले.